निकालपत्रकाच्या फाइलचं कुलूप: प्रकल्प नोंदी

२ मे २०२४, गुरुवार

काल निकाल वाटले, आजपासून सुट्टी. सुट्टीतलं काम ठरलं आहे: निकालपत्रकाच्या एक्सेल फाइलमधला मॅक्रोचा (फाइलकडून आपोआप काम करून घेणाऱ्या आज्ञांचा) कोड कुणाला वाचता-उचलता येणार नाही अशी काही सोय होते का, ते बघायचं.

फाइल पहिली ते आठवीची. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचा भारांश इयत्तेगणिक बदलतो. पहिली-दुसरीला ७०-३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. शिक्षकाने फक्त गुण भरायचे. टक्केवारी, श्रेणी, वर्णनात्मक नोंदी आणि प्रगतिपत्रकाची छपाई फाइल बघून घेते. दरवर्षी ती व्हॉट्सअ‍ॅपवरून तालुक्यात आणि तालुक्याबाहेर फिरते. फुकट आहे, फुकटच राहील.

पहिल्या शीटवर 'निर्मिती' पुढे माझं नाव आणि शाळा असते. एप्रिलअखेर हीच फाइल दुसऱ्या जिल्ह्यातून फिरून परत माझ्याकडे आली, तेव्हा तिथे भलत्याच गुरुजींचं नाव होतं, फोटोसकट. रंग बदललेले, बाकी सगळं जसंच्या तसं. ते नाव नुसतं सेलमध्ये नसतं. फाइल उघडली की मॅक्रो ते पुन्हा लिहितो. म्हणजे कोडचा पासवर्ड काढल्याशिवाय ते बदलता येत नाही. पासवर्ड मी कुणाला दिलेला नाही. मग आत शिरले कसे, हा पहिला प्रश्न.

४ मे, शनिवार

स्वतःच्याच घराचं कुलूप फोडून पाहिलं. चहा गार व्हायच्या आत फुटलं.

मॅक्रो असलेली एक्सेलची फाइल म्हणजे मुळात झिप. तिच्या नावापुढचं शेपूट बदलून झिप केलं की आतले फोल्डर दिसतात. प्रत्येक शीटची एक एक्सएमएल फाइल आणि एका बाजूला सगळा कोड सामावलेली 'व्हीबीए-प्रोजेक्ट-बिन' नावाची फाइल (व्हीबीए ही मॅक्रो लिहिण्याची भाषा). शीटचं संरक्षण म्हणजे त्या एक्सएमएलमधली एक ओळ. ती ओळ खोडा, झिप पुन्हा बांधा, शीट मोकळी. नव्या एक्सेलमध्ये त्या ओळीत पासवर्डचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येऊ नये असा ठसा) एसएचए-५१२ या पद्धतीने एक लाख वेळा फिरवून ठेवलेला असतो म्हणे. असेल. पण ओळच खोडता येत असेल तर लाख काय नि कोटी काय!

आपण शीट लपवतो त्यातही दोन प्रकार. साधी लपवलेली शीट उजव्या क्लिकने परत आणता येते. 'व्हेरी हिडन' केलेली त्या यादीतच दिसत नाही, म्हणून श्रेणीचे कोष्टक आणि नोंदींचा संग्रह मी तिथे ठेवत आलो. झिप उघडल्यावर मात्र वर्कबुकच्या एक्सएमएलमध्ये शीटचं नाव आणि त्यापुढे 'व्हेरी हिडन' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. लपवल्याची पाटीच.

आता कोडचा पासवर्ड. व्हीबीएच्या पासवर्डने कोड कूटबद्ध होत नाही, हे आज नीट कळलं. कोड फक्त दाबून, म्हणजे जागा वाचेल अशा पद्धतीने, ठेवलेला असतो. ती पद्धत मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या तांत्रिक दस्तऐवजात छापलेली आहे. पासवर्ड ही फक्त संपादकाला दिलेली सूचना असते, की विचारल्याशिवाय दाखवू नको. ती 'डीपीबी' नावाच्या एका ओळीत असते. हेक्स संपादकात (फाइलमधले बाइट थेट बदलता येणाऱ्या साधनात) त्या ओळीच्या नावातलं एक अक्षर बदललं की एक्सेल कुरकुरतं, की ही किल्ली ओळखू येत नाही, तरी पुढे जाऊ का? हो म्हटलं की आत. तेवढीही खटपट नको असेल तर 'ओलेव्हीबीए' हे पायथनमधलं मोफत साधन आहे. व्हायरसवाल्या फाइली तपासणाऱ्यांसाठी बनवलेलं. ते पासवर्ड विचारतच नाही, सगळा कोड पडद्यावर ओतून मोकळं होतं.

एक खरं कुलूप एक्सेलमध्ये आहे: फाइल उघडण्याचाच पासवर्ड. नव्या ऑफिसमध्ये त्याने पूर्ण फाइल एईएस-२५६ ने कूटबद्ध होते, पासवर्ड बरा असेल तर बाहेरून काही चालत नाही. पण ज्याला फाइल वापरायची त्याला तो पासवर्ड द्यावाच लागणार, आणि एकदा उघडली की वर लिहिलेलं सगळं लागू.

८ मे, बुधवार

दोन दिवस निवडणुकीची ड्यूटी. काल आमच्या जिल्ह्यात मतदान, पेट्या जमा करून घरी यायला मध्यरात्र झाली. आज उशिरा बसलो.

'अनव्ह्यूएबल' पद्धत करून पाहिली. प्रोजेक्टच्या मजकुरात मुद्दाम गोंधळ घालायचा, म्हणजे संपादक उघडायलाच नकार देतो, पासवर्ड विचारण्याची पाळीच येत नाही. दिसायला भारी. ओलेव्हीबीएपुढे शून्य.

दुसरी युक्ती जास्त खोल. व्हीबीए आपला कोड दोन रूपांत साठवतो, एक आपण लिहिलेला मजकूर आणि एक त्याचा आधीच भाषांतरित केलेला पी-कोड. मजकूर पुसून नुसता पी-कोड ठेवला तरी मॅक्रो चालतो. पण ज्या आवृत्तीत तो तयार झाला त्याच आवृत्तीत. आमच्या केंद्रातल्या शाळांत ऑफिस २००७ पासून ३६५ पर्यंत सगळं नांदतं, तेव्हा निम्म्या शाळांत फाइल उघडून नुसती रिकामी बसेल. शिवाय हीच युक्ती व्हायरस लिहिणारे वापरतात, त्यामुळे अँटिव्हायरस फाइलच उचलून नेतो. पी-कोड वाचणारं साधनही उपलब्ध आहेच. बाद.

आधीच मॅक्रोबद्दल लोकांना समजावता समजावता नाकी नऊ येतात. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. लाल पट्टी दिसली की फोन येतो, "सर, फाइल खराब आलीय." मग फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकची खूण, ओके, हा मंत्र फोनवर म्हणायचा. त्यात अँटिव्हायरसची भर घालण्याची हौस नाही.

११ मे, शनिवार

भाचा पुण्याहून आला आहे. कंपनीत पायथन आणि पीएचपी दोन्हीवर काम करतो. त्याला विचारलं, तुमच्याकडे कोड लपवायला काय करतात?

त्याने सांगितलं त्यावरून दुखणं माझ्या एकट्याचं नाही, स्क्रिप्टच्या जातीचंच आहे. पायथनची फाइल 'पीवायसी' (आधीच भाषांतरित केलेलं रूप) करून दिली तरी ती उलट फिरवून जवळपास मूळ कोड मिळवणारी साधनं आहेत. 'पायइन्स्टॉलर' सगळं बांधून एक एक्सई (थेट चालणारी फाइल) बनवतो, पण त्यातून फाइली बाहेर काढणारी छोटीशी स्क्रिप्ट कुणालाही मिळते. पायइन्स्टॉलरमध्ये पूर्वी कूटबद्ध करण्याचा एक पर्याय होता. किल्ली त्याच एक्सईत ठेवावी लागत असल्यामुळे त्याला अर्थ नव्हता, सहाव्या आवृत्तीत तो काढूनच टाकला. लिनक्सवर शेल स्क्रिप्टसाठी 'एसएचसी' आहे. नावात कंपायलर असला तरी तो स्क्रिप्टला आरसी-४ या कूटपद्धतीने गुंडाळून आत ठेवतो आणि चालवताना उलगडतो. उलगडलेली स्क्रिप्ट कुठेतरी शेलच्या हातात द्यावीच लागते, आणि तिथेच ती पकडता येते. पीएचपीत 'आयनक्यूब' बरं टिकतं, कारण कोड बाइटकोड करून कूटबद्ध होतो आणि चालवायला त्यांचा लोडर सर्व्हरवर बसवावा लागतो. 'सायथन' किंवा 'नुइट्का' वापरून पायथनचं थेट यंत्रभाषेत रूपांतर केलं तर वाचणं खरंच जड जातं. जड, अशक्य नाही.

"मामा, ज्याचं मशीन त्याची मर्जी. तुमचा कोड तिथे चालायचा असेल तर त्या मशीनला तो समजला पाहिजे. आणि मशीनला समजला की मशीनच्या मालकाला समजवता येतो."

मग त्याने केर्कहॉफ्सचं तत्त्व काढलं. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्सने लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना म्हटलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. माझ्या फाइलीत पद्धत, किल्ली आणि तिजोरी तिन्ही एकाच झिपमध्ये.

कोडमधल्या चलांची (व्हेरिएबलची) नावं बदलून कोड दुर्बोध करण्याचंही त्याने सुचवलं. करून पाहिलं थोडं. व्हीबीएत फार वाव नाही, फाइल उघडताना चालणाऱ्या किंवा बटणाला जोडलेल्या प्रोसिजरची नावं ठरलेली असतात, ती बदलली की फाइल मुकी. तसंही माझा कोड आधीच निम्मा दुर्बोध आहे, आणि त्याचं श्रेय मायक्रोसॉफ्टला. व्हीबीएच्या संपादकाला देवनागरी येत नाही, प्रश्नचिन्हांची रांग उमटते. म्हणून 'नाव' एवढं लिहायला चर-डब्ल्यू २३४४, २३६६, २३५७ अशी तीन आकड्यांची माळ लावावी लागते. सहा महिन्यांनी उघडलं की मलाच वाचता येत नाही. तरी त्या गुरुजींना माझं नाव बरोबर सापडलं.

१५ मे, बुधवार

नाव बदललेली ती फाइल आज पूर्ण तपासली. आतापर्यंत राग नावावरून होता. आज काळजी वाटायला लागली.

त्यांनी (किंवा त्यांच्यासाठी ज्याने कोणी केलं त्याने) नुसतं नाव बदललेलं नाही, सुधारणाही केली आहे. माझ्याकडे दोन्ही सत्रांच्या सरासरीचं पूर्णांकात रूपांतर सेलमधल्या 'राउंड' सूत्राने होतं. त्यांनी सूत्रं काढून ते काम मॅक्रोत नेलं, फाइल हलकी व्हावी म्हणून असावं. मॅक्रोतही 'राउंड' आहेच, नाव तेच. पण वागणं वेगळं! सेलमधला राउंड ४०.५ चे ४१ करतो. व्हीबीएचा राउंड बँकेच्या पद्धतीने, म्हणजे बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातो. ४०.५ चे ४०, ४१.५ चे ४२.

आता श्रेणीच्या सीमा मांडून बघा. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१, आणि २० पर्यंत इ-२. प्रत्येक श्रेणीचा वरचा आकडा सम आहे: २०, ३२, ४०, ५० असा थेट ९० पर्यंत. म्हणजे सीमेवर अर्ध्या गुणाने उभं असलेलं प्रत्येक मूल त्या फाइलीत खालच्या श्रेणीत पडतं. एखादं वर, एखादं खाली असं होऊन फिट्टंफाट होत नाही, सगळी खालीच. पहिल्या सत्रात ४० आणि दुसऱ्यात ४१ मिळवणाऱ्या पोराला माझ्या फाइलीत क-२ मिळतो, त्यांच्या फाइलीत ड.

खात्रीसाठी माझ्याच वर्गाचे यंदाचे गुण दोन्हीकडे घातले. फरक पडलेली मुलं निघाली, आणि ती कोण ते लगेच ओळखू आलं. नेहमी अर्ध्या-एका गुणासाठी अडणारी हीच असतात.

ती फाइल किती शाळांत गेली असेल, कल्पना नाही. त्या गुरुजींचा नंबर फाइलवरच आहे. फोन लावला. नावाचा विषय काढलाच नाही, आधी हे सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग, "बघतो सर." बघतील अशी आशा.

तर 'कोड वाचला जाऊ नये' हे ध्येय मी आज खोडलं. तिथे दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या. एक, बदललेली प्रत माझ्या मूळ प्रतीपासून ओळखता आली पाहिजे. दोन, वर्णनात्मक नोंदींचा संग्रह हातचा जाता कामा नये, कारण खरी मेहनत तिथे आहे. कोडमध्ये काय मोठंसं, गुणाकार आणि भागाकार.

१९ मे, रविवार

कायदा वाचला. वकील नाही, त्यामुळे जेवढं कलमात स्पष्ट दिसतं तेवढंच लिहितो.

प्रताधिकार अधिनियम १९५७. संगणक आज्ञावली ही त्यात 'साहित्यकृती' धरलेली आहे, कलम २(ओ). नोंदणी केली नाही तरी हक्क निर्मितीबरोबरच येतो. कलम ५७ लेखकाचा स्वतंत्र हक्क सांगतं: हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए आणि ६५बी ही दोन कलमं आली. पहिलं तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने फोडण्याबद्दल, दुसरं कृतीवरची हक्कांची माहिती, त्यात लेखकाचं नावही आलं, जाणूनबुजून काढण्याबद्दल. दोन्हींना दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुसऱ्या बाजूने कलम ५२ मध्ये सूटही आहे. ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याने ती कशी चालते याचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करून त्यामागची कल्पना समजून घेतली तर तो भंग होत नाही. हे मला पटतं. मीही असंच शिकलो, दुसऱ्यांच्या फाइली उघडून.

नोंदणी करावी का? २०२१ च्या नियमांनुसार आज्ञावलीच्या अर्जासोबत कोडची किमान पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, काहीही न झाकता. कोड जपायचा म्हणून कोड द्यायचा. हरकत नाही, कार्यालयाला दिल्याने काही बिघडत नाही, पण या सुट्टीत नको.

नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, असं कलम १७ मध्ये आहे, म्हणून थोडा थबकलो. पण एक्सेलची फाइल बनवणं हे शिक्षकाच्या कामाच्या यादीत मला कुठे सापडलं नाही. असतं तर बरंच झालं असतं, त्याची ड्यूटी तरी लागली असती.

दुसऱ्या जिल्हा परिषद शिक्षकावर मी फिर्याद करणार नाही. नाव परत लागलं आणि राउंड दुरुस्त झाला तर विषय संपला. कलम ५७ मात्र फाइलच्या पहिल्या शीटवर दोन ओळींत छापणार.

२३ मे, गुरुवार

गुगलच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टकडे वळलो, म्हणजे गुगलच्या सर्व्हरवर चालणाऱ्या कोडकडे. मशीन वापरणाऱ्याचं नसेल तर मर्जीही त्याची नाही, या भाच्याच्या तर्काने.

त्यातही कुठे काय उघडं राहतं ते एकेक करून तपासलं, दुसऱ्या खात्यातून.

गुगल शीटला चिकटवलेली स्क्रिप्ट: शीटची कॉपी केली की स्क्रिप्टही सोबत जाते. नुसतं बघण्याची परवानगी असलेल्यानेही कॉपी करून स्वतःच्या प्रतीत सगळा कोड वाचला. आमच्याकडे तर लिंक पाठवतानाच म्हणतात, "कॉपी करून घ्या." म्हणजे एक्सेलपेक्षाही उघडं.

लायब्ररी: कोड वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवायचा आणि शीटमधून हाक मारायची. आशा वाटली होती. पण लायब्ररी वापरायला वापरणाऱ्याला तिच्यावर निदान वाचण्याची परवानगी लागते, आणि वाचण्याची परवानगी म्हणजे वाचता येणं. हेही गेलं.

वेब अ‍ॅप: स्वतंत्र स्क्रिप्ट, 'माझ्या नावाने चालवा' आणि 'कोणीही वापरा' अशी मांडलेली. बाहेरच्याला फक्त पत्ता दिसतो. तो प्रश्न पाठवतो, उत्तर मिळतं. आतला कोड आणि ज्या शीटमधून उत्तर काढलं ती शीट, दोन्ही त्याच्या नजरेबाहेर. त्या पत्त्यावर पान दाखवलं तर पानाचा एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये दिसेलच. तिथे काही ठेवायचंच नाही.

हे जमण्यासारखं आहे. एक्सेलच्या मॅक्रोतून या पत्त्याला विनंती पाठवून बघितली. गुगल उत्तर थेट देत नाही, दुसऱ्या पत्त्याकडे वळवतं, पण एक्सेलमधून वापरलेला घटक ते वळण आपोआप घेतो. सेलमध्ये देवनागरी व्यवस्थित उतरलं. संपादकालाच येत नाही, बाकी एक्सेलला येतं!

मर्यादा: एका वेळची स्क्रिप्ट ६ मिनिटांत संपली पाहिजे, आणि एका खात्यावर एकाच वेळी ३० हून जास्त चालत नाहीत. सगळा भार माझ्या खात्यावर. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दहाला सगळा तालुका निकाल करायला बसतो, तेव्हा काय होईल ते बघावं लागेल.

२६ मे, रविवार

काल रात्री आराखडा कागदावर काढला, आणि सकाळी अर्धा खोडला.

सोपा मार्ग असा होता की शिक्षकांनी सगळे गुण माझ्या सर्व्हरवर पाठवायचे आणि तयार प्रगतिपत्रक परत घ्यायचं. कोड पूर्ण माझ्याकडे, कॉपीचा प्रश्नच नाही. पण मग गावोगावच्या मुलांची नावं, जन्मतारखा, जात, आधार क्रमांक माझ्या खाजगी जीमेल खात्यात येऊन पडणार. नोंदणीच्या शीटमध्ये हे सगळं असतं. माझा कोड झाकायला मी दुसऱ्यांच्या पोरांची माहिती गोळा करायची? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा गेल्या ऑगस्टमध्ये झाला, त्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी हे करायचं नव्हतं.

तर विभागणी अशी. नावं, गुण, श्रेणी, छपाई सगळं एक्सेलमध्येच, शाळेच्या संगणकावर. सर्व्हरला फक्त चार गोष्टी जातात: शाळेची किल्ली (मी प्रत्येक शाळेला वेगळा देणार तो सांकेतिक शब्द), इयत्ता, विषय आणि श्रेणींची यादी, सोबत मुलगा की मुलगी. हे शेवटचं लागतंच, कारण 'स्पष्ट उच्चारात वाचन करतो' आणि 'करते'. नोंदींच्या संग्रहातली अर्धी मेहनत या 'तो' आणि 'ते' मध्ये गेली आहे. सर्व्हर नोंदी परत देतो, त्या एक्सेलमध्ये आपापल्या जागी बसतात.

वाडीवस्तीवर रेंज नसते. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मी घरून एकदाच ओढून घेईन, चालेल ना?" चालेल. त्यांच्या वर्गाच्या नोंदी त्यांच्या फाइलीत राहतील, संग्रह राहणार नाही. कुणी चिकाटीने रोज विनंत्या करून संग्रह हळूहळू जमवू शकतो, हे मान्य. म्हणून प्रत्येक किल्लीला दिवसाची मर्यादा. किल्ली म्हणून युडायस (शाळेचा सरकारी) क्रमांक घेणार नाही, ११ आकडी असला तरी तो जगजाहीर आहे.

३० मे, गुरुवार

आज मजा आली.

प्रश्न असा होता की उद्या कुठे नोंदींची चोरलेली प्रत सापडली, तर ती कोणत्या शाळेच्या किल्लीवरून निघाली हे कसं कळावं? पहिला विचार वाक्यात किंचित बदल करण्याचा. एकीला 'सक्रिय सहभाग घेतो', दुसरीला 'सक्रियपणे सहभागी होतो'. पण तसं करताना नोंदींची भाषा बिघडायला लागली. शून्य रुंदीची अदृश्य अक्षरं घालण्याचाही पर्याय आहे, पण ती शोधून काढणं सोपं, आणि जिथे नकोत तिथे असल्यामुळे संशयास्पद.

मग आठवला अर्धचंद्र र, म्हणजे 'दुसऱ्या', 'पायऱ्या', 'बऱ्याच' मधला. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर (०९३१), मग हलन्त, मग य. दोन, साधा र (०९३०), हलन्त, जोडणारं अदृश्य चिन्ह (२००डी), मग य. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. दोन्ही शुद्ध, दोन्ही प्रचारात. जुन्या टायपिंग साधनांतून दुसरा यायचा, फोनच्या कीबोर्डवरून बहुधा पहिला येतो. एक्सेलमध्ये लांबी मोजून पाहिली, पहिल्या 'दुसऱ्या' ची ७, दुसऱ्याची ८.

म्हणजे प्रत्येक अर्धचंद्र र मध्ये एक हो किंवा नाही साठवता येतं. संग्रहातली दहा वाक्यं निवडली: 'दुसऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतो', 'गणिताच्या पायऱ्या क्रमाने मांडतो', 'बऱ्याच कविता तालासुरात म्हणतो', 'वाऱ्याची दिशा ओळखतो' अशी. दहा जागा म्हणजे १०२४ निरनिराळे नमुने. आमचा तालुका आरामात बसतो, शेजारचाही. सर्व्हर नोंद पाठवताना किल्लीनुसार ठरलेलं रूप घालतो. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात दहापैकी बहुतेक वाक्यं कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतातच.

कच्चे दुवे मला दिसतात. कुणी नोंदी पुन्हा टाइप केल्या तर खूण पुसली जाईल. छापलेल्या कागदावर ती नसतेच. युक्ती माहीत असलेला माणूस एका फेरबदलात सगळी रूपं एकसारखी करू शकेल. पण जो माझं नाव खोडून फोटो लावतो तो नोंदी पुन्हा टाइप करणाऱ्यांतला नसतो. विषयांची नावं आणि कोष्टकांची शीर्षकं यांत मात्र एकच रूप ठेवलं आहे, नाहीतर शोधताना आणि व्हीलुकअपमध्ये (एक्सेलच्या शोधसूत्रात) भानगड व्हायची.

भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, इंग्रजीत हे जमलं नसतं.

५ जून, बुधवार

काल दिवसभर सगळे टीव्हीपुढे, मतमोजणी. काम शून्य.

आज बदललेल्या प्रती ओळखण्याची सोय. कोडला डिजिटल सही करता येते. कुणी कोड बदलला की ती सही गळून पडते, म्हणजे मला हवं तेच. पण फुकटात स्वतः तयार केलेलं प्रमाणपत्र माझ्या संगणकाबाहेर कुणी मानत नाही. विकतचं दरवर्षी हजारो रुपयांचं, आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली वेगळ्या हार्डवेअरवरच ठेवावी लागते. फुकट फाइलीसाठी हा खर्च परवडत नाही.

त्याऐवजी फाइलला स्वतःची परीक्षा घ्यायला लावली. उघडल्यावर ती ठरावीक गुणांचे नमुने स्वतःच्या श्रेणीच्या गणितातून काढते, त्यात ४०.५, ५०.५, ३२.५ मुद्दाम आहेत, आणि उत्तरं चुकली तर प्रगतिपत्रकाच्या तळाशी 'श्रेणी तपासा' असं छापते. ही तपासणी काढून टाकणं सोपं आहे. सुधारणा करताना अजाणता चूक करणाऱ्यासाठी ती आहे, मुद्दाम करणाऱ्यासाठी नाही.

११ जून, मंगळवार

केंद्रातल्या काही शाळांना फाइल चाचणीसाठी दिली. व्हीबीएचा पासवर्ड काढून टाकला आहे. कोडच्या वर टिपण लिहिलं: हवं ते वाचा, शिका, बदला, निर्मात्याचं नाव ठेवा, बदल कोणी केला ते खाली आपल्या नावाने लिहा, आणि राउंडला हात लावण्याआधी हे वाचा. खाली १५ मे चा हिशोब.

एका सरांनी दुपारीच कोड उघडून दाखवलं की सेमी इंग्रजीच्या वर्गांसाठी विषयांचा क्रम बदलायला हवा, आणि बदलून पाठवलाही. चांगला आहे, घेतला. त्यांचं नाव खाली लिहिलं.

१४ जून, शुक्रवार

उद्या शाळा भरणार. वर्ग झाडून घेतले, नवागतांच्या स्वागताची तयारी झाली.

दुसऱ्या जिल्ह्यातून ती फाइल परत आली. राउंड दुरुस्त केलेला आहे, तपासला, ४०.५ ला क-२ येतो. फोटो अजून तिथेच. 'निर्मिती' खोडून 'संकलन' केलं आहे आणि खाली बारीक अक्षरांत 'मूळ संकल्पना' म्हणून माझं आडनाव, शाळेचं नाव चुकवून. मी त्यांना नवी फाइल आणि त्यांच्या शाळेची किल्ली पाठवली. किल्ल्यांच्या यादीत त्यांचा नमुना आता नोंदलेला आहे.

राहिलेलं: फोनवर एक्सेलचे मॅक्रो चालत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं पान. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, तिचं कोष्टक. आणि गुगलची एका वेळी ३० ची मर्यादा खरंच कुठे अडवते ते प्रथम सत्राच्या निकालाला, दिवाळीच्या आधी, तपासायचं.